शाश्वत शेतीची पदव्युत्तर पदवी कुठून आली

या अभ्यासक्रमात मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र एकाच विद्यार्थ्याला का शिकवतात, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गहू घेतला जातो. काही पट्ट्यांना रासायनिक खते, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, एकाला काहीच नाही. हा प्रयोग खतांचा होता, शाश्वततेचा नव्हे. पण जमिनीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या अवशेषांतला कार्बन, दशकांच्या हिशेबाने बदलतो, हे त्याने दाखवले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञाने कंपोस्टची पद्धत बसवली. संशोधन विभागाविभागांत वाटले गेल्याने पीक अखंड कुणालाच दिसत नाही, ही हॉवर्ड यांची तक्रार होती, आणि आजच्या अभ्यासक्रमाची रचना खरे तर त्या तक्रारीचेच उत्तर आहे.

ईव्ह बाल्फर या इंग्लिश शेतकरी बाईंनी १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या हॉली येथे शेताचे भाग पाडून सेंद्रिय आणि रासायनिक शेतीपद्धतींचीच तुलना सुरू केली. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ ला आणि अमेरिकेत रोडेल संस्थेत १९८१ ला असेच दीर्घकालीन प्रयोग उभे राहिले. रोडेलमध्ये सुरुवातीच्या वर्षांत सेंद्रिय मक्याचे उत्पादन घटले. कारण साधे: शेणखतातले आणि हिरवळीच्या खतातले नत्र पिकाला हवे तेव्हा मोकळे होत नव्हते.

अमेरिकी कायद्यात १९९० ला ‘शाश्वत शेती’ची व्याख्या आली. आयोवा राज्य विद्यापीठाने २००१ मध्ये या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

प्रबंधाचा विषय निवडताना हा इतिहास फार उपयोगी पडतो. ‘कंपोस्टने दोन वर्षांत कर्ब किती वाढला’ हा विषय बहुधा फसतो. वाढ असते थोडी, एकाच शेतातल्या दोन नमुन्यांतला फरक त्याहून मोठा. शिवाय स्थूल घनता, म्हणजे ठरावीक आकारमानातल्या कोरड्या मातीचे वजन, मोजली नसेल तर टक्केवारीवरून हेक्टरी टन काढताच येत नाहीत. त्यापेक्षा जुन्या प्रयोगाच्या वाफ्यांवर काम मिळते का, हे प्रवेश घेण्याआधीच विचारावे. तसे वाफे नसतील तर नत्र मोकळे होण्याचा वेग, तणांची संख्या, मजुरीचे तास असे एका हंगामात हलणारे काही निवडावे.

नोकऱ्यांना आकार दिला तो नियमांनी. युरोपचा पहिला सेंद्रिय कायदा १९९१ चा, अमेरिकेचे नियम २००२ पासून लागू. त्यांनी प्रमाणीकरण निरीक्षक, म्हणजे शेत सेंद्रिय नियमांप्रमाणे चालते का हे तपासणारा, हा पेशा पक्का केला. अमेरिकी नियमानुसार कापणीआधीचे ३६ महिने जमिनीवर निषिद्ध निविष्ठा, म्हणजे बंदी असलेले खत किंवा औषध, पडलेली नसावी. जनावरांच्या शेणाचे कंपोस्ट उघड्या लांब ढिगात केले, तर ते ५५ ते ७७ अंश सेल्सिअसवर १५ दिवस राहावे आणि त्या काळात किमान पाचदा परतावे. तापमानाची नोंद ठेवली नसेल तर ते खत नियमाच्या लेखी कच्चे शेणखतच. निरीक्षक पेरलेले क्षेत्र, निघालेला माल, साठा आणि विक्रीची बिले जुळवतो. विक्री उत्पादनापेक्षा जास्त दिसली की पुढची चौकशी तिथूनच सुरू होते.