लॉबीचा सर्व्हर की मॅचचा सर्व्हर? गेम नेमका जोडला जातो कुठं

इंदूरच्या राजेंद्रनगरचा आमचा भाचा परवा म्हणतो, मामा, मी गेमचा सर्व्हर शोधला, पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) १८ येतोय, म्हणजे मुंबईतलाच असणार, मग मॅचमधे ११० का दाखवतं? त्यानं केलं काय, तर गेम उघडल्या उघडल्या नेटस्टॅट (कॉम्प्युटर कुठं कुठं जोडलाय ते दाखवणारी कमांड) मारलं, जो पत्ता दिसला तो उचलला आणि त्यालाच पिंग करत बसला. आता पत्ता गेमचाच होता, पण लॉबीचा. सरवटे स्टँडवरची चौकशीची खिडकी आणि आपली बस यात जेवढा फरक, तेवढाच इथं.

लॉबीकडे लॉगिन, फ्रेंडलिस्ट, स्किनचं दुकान, मॅच जुळवणं असली कामं. हे सगळं टीसीपीवर (पॅकेट पोचलं की नाही याची खात्री करणारी पद्धत), बहुतेक ४४३ पोर्टवर, वेबसाइटसारखंच, आणि बऱ्याचदा सीडीएनच्या (जागोजागी ठेवलेल्या मधल्या मशीनच्या जाळ्याच्या) मागे, म्हणजे तुम्हाला उत्तर देतं ते जवळचं मशीन, खरा सर्व्हर भले अमेरिकेत असो. म्हणून तो १८.

मॅचचा सर्व्हर बहुतेक फास्ट गेममधे यूडीपीवर (पॅकेट सोडायचं, पोचलं का ते विचारायचं नाही) बोलतो, कारण हरवलेलं पॅकेट परत मागवेपर्यंत समोरचा खेळाडू पळालेला असतो, मग ते शिळं पॅकेट घेऊन करायचं काय. याचा पत्ता मॅच जुळल्यावर लॉबीच सांगते, बऱ्याचदा थेट आयपी (आकड्यांतला पत्ता), त्यामुळे डीएनएसच्या (नावावरून पत्ता काढणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमधे शोधून उपयोग नाही, आणि पुढच्या मॅचला तो बदलूही शकतो. आणि खरी गोम अशी की यूडीपीत कनेक्शन असं नसतंच, म्हणून विंडोजचं नेटस्टॅट समोरच्या पत्त्याच्या जागी नुसत्या चांदण्या दाखवतं. म्हणजे भाच्यानं रात्रभर नेटस्टॅट मारलं असतं तरी हा पत्ता दिसला नसता!

मग बघायचं कुठं? मॅच चालू असताना (मेनूत नाही, मॅचमधे) विंडोजमधलंच रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्क टॅबमधे गेमच्या नावापुढे टिक करा आणि नेटवर्क अ‍ॅक्टिव्हिटीची यादी बघा, खालची टीसीपीची यादी सोडून द्या. नाहीतर वायरशार्क (नेटवरची पॅकेट्स पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर), त्यात स्टॅटिस्टिक्स, मग कॉन्व्हर्सेशन्स, यूडीपी टॅब, आणि पॅकेट्सवर सॉर्ट. मला वायरशार्कच आवडतं पण यूट्यूब वगैरे आधी बंद करा कारण ब्राउझरसुद्धा हल्ली यूडीपी वापरतो आणि तोच वर येऊन बसतो. व्हॉइस चॅटही यूडीपीच, तो बंद करून कुठली ओळ थंड पडते ते बघायचं, जी धावतच राहते ती मॅच.

काउंटर-स्ट्राइक २ मधे मात्र डोकं फोडू नका. व्हॉल्व्हच्या ऑफिशियल मॅच स्टीमच्या (व्हॉल्व्हच्याच गेम प्लॅटफॉर्मच्या) रिलेमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून जातात, दिसतो तो रिलेचा पत्ता, खरा सर्व्हर मुद्दाम झाकलेला असतो, कोणी त्याच्यावर डीडॉस (खोट्या ट्रॅफिकचा मारा करून सर्व्हर बंद पाडणं) मारू नये म्हणून.

सापडलेला आयपी नकाशाच्या साइटवर टाकला की ती सिएटल म्हणते, कारण बरेचदा ती कंपनीच्या नोंदणीचा पत्ता सांगते, मशीनचा नाही. त्यापेक्षा हिशेब करा. फायबरमधे सिग्नल सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे १०० किमी जाऊन परत यायला १ मिलिसेकंद. इंदूरहून सिंगापूर सरळ रेषेत ३,८०० किमीच्या आसपास, म्हणजे ३८ च्या खाली पिंग येणंच शक्य नाही, आणि केबल काही सरळ जात नाही. गेम सर्व्हर पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाहीत, तेव्हा गेम स्वतः दाखवतो तो आकडा धरायचा.

भाच्यानं मग मॅच चालू असताना बघितलं तर पत्ता वेगळाच निघाला. त्याचा आतेभाऊ नोकरीनिमित्त सिंगापूरला, रोज रात्री दोघं एकाच पार्टीत, आणि पार्टीचा लीडर तो, म्हणून रीजनही त्याच्याकडचं! आता लीडर कोणी व्हायचं यावरून दोघांचं चाललंय.