खोकल्याची तिसरी बाटली मागण्याआधी

(आमच्या औषध दुकानाच्या ग्राहकांसाठी)

"तीच लाल बाटली द्या, तिनेच बरं वाटतं." काउंटरवर हे रोज ऐकू येतं. एखादी बाटली आम्हीही देतो. पण तेच काका महिन्याभरात तिसऱ्यांदा आले की आमचा हात थांबतो. म्हणून हा कागद.

खोकला २ आठवड्यांच्या वर गेला, की टीबीची तपासणी करून घ्यायची. कफ पडो वा न पडो. विडीचा खोकला, बदललेली हवा, गिरणीतलं पीठ; कारण खरंही असेल, पण तपासल्याशिवाय कळणार कसं? थुंकीतून रक्त पडलं तर दोन आठवडेही थांबू नका. आणि रक्त नाही म्हणजे टीबी नाही, असं मात्र धरून चालू नका. पुष्कळांना ते कधीच पडत नाही.

बाकीची लक्षणं गुपचूप येतात. संध्याकाळी बारीक कणकण, रात्री घामाने भिजलेली उशी, तीही थंडीच्या दिवसांत. अन्नावरची वासना उडते. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं, बांगड्या ढिल्या होतात आणि शेजारीण म्हणते, "बारीक झालात, छान दिसता!" मुद्दाम कमी केलं नसेल तर त्यात छान काही नाही. दुकानात वजनकाटा आहे, पैसे पडत नाहीत. लहान मुलांत खोकला ठळक नसतो. वजन वाढत नाही, ताप रेंगाळतो, खेळकर पोर मलूल होतं.

टीबी फक्त छातीचा नसतो. मानेत न दुखणारी गाठ, हटत नसलेली पाठदुखी, हीसुद्धा डॉक्टरांना दाखवा. शुगरच्या गोळ्या नेणाऱ्यांनी जास्त जपावं. मधुमेहात टीबीचा धोका दोन-तीन पट असतो.

एक कळकळीची गोष्ट. "एखादी स्ट्राँग अँटिबायोटिक द्या" असं आम्हाला म्हणू नका. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळीने टीबी थोडे दिवस दबतो, बरं वाटतं आणि निदान लांबतं. तोवर घरातले त्याच खोलीत श्वास घेत असतात. टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. भांडी वेगळी काढून माणसाला दुखवू नका. खिडक्या उघडा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा.

सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. नमुना थुंकीचा नको, छातीतून खोकून काढलेल्या बेडक्याचा हवा; एक तिथेच, दुसरा पहाटे उठल्यावर. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतात का, हे दोन्ही कळतं.

साध्या टीबीचा कोर्स ६ महिन्यांचा. लघवी केशरी झाली की लोक घाबरून आमच्याकडे धावत येतात. तो रिफाम्पिसिनचा रंग, रक्त नव्हे. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या, तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात, त्यामुळे पासबुक सोबत न्या. टीबीच्या गोळ्या आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि कायद्याप्रमाणे विक्रीची वहीत नोंद होते. ती वही गिऱ्हाइकांना दाखवायची नसते, तेव्हा गावभर होईल ही भीती नको.

मोफत हेल्पलाइन: १८००-११-६६६६.

आणि हो, नमुन्यासाठी घरून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली नेऊ नका. डबी तिथेच देतात.