सितोपलादी की तालीसादी?

डिसेंबरात नागपूरचा पारा उतरला की आमच्या घरी खोकला मुक्कामाला येतो. मग इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानात दरवर्षीचा घोळ: खोकल्याची दोन आयुर्वेदिक चूर्णं, त्यातलं सितोपलादी घ्यायचं की तालीसादी? परवा शेजारी उभ्या काकू म्हणाल्या, "शीतोपलादी घ्या जी. शीत म्हणजे थंडी, थंडीच्या खोकल्याचंच आहे ते." पुडीवरही 'शीतोपलादी'च लिहिलेलं.

थंडीचा इथं काही संबंध नाही. सिता म्हणजे साखर, उपल म्हणजे दगड. सितोपला म्हणजे खडीसाखर. आपणही तिचा 'खडा'च म्हणतो की! आदी म्हणजे वगैरे. थोडक्यात, भारदस्त नावाचा अर्थ 'खडीसाखर वगैरे'.

दोन्ही चूर्णं चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, अध्यायात येतात. सितोपलादीचं माप पाठ करायला सोपं: दालचिनी 1 भाग, वेलची 2, पिंपळी 4, वंशलोचन 8, खडीसाखर 16. खालून वर दुप्पट करत जायचं. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साचणारा पांढरा पदार्थ. तो दर बांबूत मिळत नाही, म्हणून महाग.

तालीसादीत तालीसपत्र 1, मिरे 2, सुंठ 3, पिंपळी 4, वंशलोचन 5, दालचिनी आणि वेलची अर्धा-अर्धा भाग. आणि साखर? पिंपळीच्या आठपट, म्हणजे 32! एकूण 48 भागांत दोन तृतीयांश साखरच. सितोपलादीत ती निम्म्याहून जराशीच जास्त. साखरेचं नाव एकाला, साखर जास्त दुसऱ्यात. तालीसपत्राचा वाटा अठ्ठेचाळिसावा, तरी पाटी त्याचीच. कारण यादीत पहिलं नाव त्याचं. तरी जिभेला तालीसादीच तिखट लागतं, ते सुंठ-मिऱ्यांमुळे. अन्नावरची वासना उडाली असेल तर वैद्य तेच देतात. मधुमेह असलेल्यांनी मात्र दोन्ही पुड्या विचारूनच उघडाव्यात.

आणखी एक घोटाळा तालीसपत्राचा. ते मसालेभातातलं तमालपत्र नव्हे. तमालपत्र रुंद, त्यावर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. तालीसपत्र हिमालयातल्या देवदारासारख्या सूचिपर्णी झाडाचं: बोटाच्या दोन पेरांएवढी चपटी, अरुंद सुई, उलटी केली की मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट रेघ. दुकानदारानं डबा उघडून तळहातावर चार सुया ठेवल्या. काकूंनी एक नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हे पत्र कुठलं जी, हा तर केरसुणीचा तुकडा!"