हाताने चालवली की चालते, रात्री का नाही?

इंदूरला रामबागेतल्या एका ऑफिसात रोज रात्री दोनला दिवसभराच्या फाइली पुण्याच्या सर्व्हरवर पाठवणारी स्क्रिप्ट आहे, आणि तिथल्या मुलाची तक्रार एकच, "दादा, मी चालवली की मस्त चालते, रात्री क्रॉनने चालली की परमिशन डिनाइड." (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम.) स्क्रिप्ट तीच, मशीन तेच, मग बिघडतं काय?

ही स्क्रिप्ट पुण्याच्या सर्व्हरवर शिरते ती एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या प्रोग्रामने. आधी तो कशासाठी आला ते बघू. पूर्वी पासवर्ड नेटवर्कवरून उघडेच जायचे. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कोणीतरी ते चोरले, आणि तिथल्याच तातू युलोनेनने १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. त्यात चाव्यांची जोडी असते, पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची, प्रायव्हेट की आपल्याकडे, आणि लॉगिनच्या वेळी आपलं मशीन प्रायव्हेट कीने सही करून देतं. ती की स्वतः वायरवरून कधीच जात नाही.

आता त्या प्रायव्हेट कीला बहुतेक वेळा पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, असतो. सकाळी तो एकदा टाकला की एजंट नावाचा प्रोग्राम की मेमरीत धरून ठेवतो, आणि हा एजंट कुठे बसलाय ते टर्मिनलला एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (टर्मिनलने जवळ ठेवलेल्या सेटिंगमधून) कळतं. क्रॉनला हे काहीच माहीत नसतं, त्याचा पाथसुद्धा (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) तोकडा. त्यात क्रॉन रूटच्या (मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिन युजरच्या) नावाने लावला असेल तर बघायलाच नको, कारण रूटचं होम फोल्डर वेगळं, त्यातल्या कीज वेगळ्या, ओळखीच्या सर्व्हरची यादीपण वेगळी, म्हणजे "या होस्टवर विश्वास ठेवू का" हा प्रश्न रात्री दोनला परत विचारला जाणार आणि उत्तर द्यायला कोणी नाही. (म्हणून काही जण होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी की, तपासणंच बंद करून टाकतात. माझ्या मते हा शुद्ध आळस, उद्या मधे दुसरंच मशीन येऊन बसलं तर कळणार कसं?) त्यापेक्षा या कामापुरती बिनपासफ्रेजची वेगळी की करा, सर्व्हरवर तिला फक्त हेच काम करू द्या, स्क्रिप्टमध्ये तिच्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहा.

तरी अडलं तर एसएसएचच्या कमांडला मायनस व्ही (तपशील दाखवायचा पर्याय) लावून सगळं आउटपुट लॉगमध्ये घ्या. की "ऑफर" केल्याची ओळ दिसली आणि तरी नकार आला तर गडबड बहुधा पलीकडे आहे. सर्व्हरवरचं होम किंवा डॉट एसएसएच फोल्डर ग्रुपला लिहिता येण्याजोगं असेल तर सर्व्हर की मुकाट्याने नाकारतो, नकाराचं कारण फक्त स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो. डॉट एसएसएच फोल्डरला ७००, आतल्या ऑथराइज्ड कीजच्या (मान्य पब्लिक कीजच्या) फाइलला ६००, म्हणजे फक्त मालकालाच परवानगी, दिलं की बहुतेकदा सुटतं.

एक गमतीशीर एरर असते, "रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५". हा आकडा येतो कुठून? सर्व्हरवर कोणीतरी बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये) इंग्रजीत "वेलकम" छापायला लावलेलं असतं, एसएफटीपी (एसएसएचवरून फाइली पाठवायची पद्धत) पहिले चार बाइट मेसेजची लांबी म्हणून वाचतो, आणि कॅपिटल डब्ल्यू, मग ई, एल, सी या अक्षरांचे बाइट जोडले की नेमका हाच आकडा होतो! एप्रिल २०२२ च्या ओपनएसएसएच (एसएसएचची सर्रास वापरली जाणारी आवृत्ती) ९.० पासून एससीपी ही फाइल कॉपी करायची कमांडपण आतून एसएफटीपीच वापरतं, त्यामुळे तिथेही हे दिसू शकतं. ती ओळ काढली की झालं.

आणि हो, स्क्रिप्टच्या शेवटी "बॅकअप झाला" छापणारी ओळ असते ना, ती कॉपी फसली तरी छापली जाते. आधी एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे काम झालं) तपासा, शून्य असेल तरच ती ओळ छापू द्या, नाहीतर मेल जाऊ द्या.