बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी मुख्यमंत्री सहायता निधी: अर्ज नेमका कुठे अडकतो

मुख्यमंत्री सहायता निधीच्या आजारांच्या यादीत बोन मॅरो (हाडांतला रक्त तयार करणारा मगज) प्रत्यारोपण आहे. तरीही अर्ज परत येतात, आणि बहुतेकदा खोट निघते ती उत्पन्नाच्या दाखल्यात.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं आणि दाखला तहसीलदारांचा, चालू वर्षाचा. हातात आल्याआल्या त्यावरची ३१ मार्चची तारीख वाचा. तिथेच त्याची मुदत संपते. फेब्रुवारीत काढलेला करकरीत दाखला एप्रिलमध्ये रद्दी. मग पुन्हा सेतू, पुन्हा पंधरा दिवस, आणि पोराचे प्लेटलेट्स काही तहसीलची वाट बघत नाहीत. उपनगरात कुर्ला, अंधेरी, बोरिवली यांपैकी आपला तालुका कुठला, ते पाहूनच अर्ज टाका. नगरसेवकाचं पत्र दाखल्याच्या जागी चालत नाही.

दुसरी गाठ खर्चाच्या अंदाजपत्रकाची. रुग्णालय खासगी असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनचं (जिल्हा शल्यचिकित्सकांचं) प्रमाणीकरण लागतं. नुसता डॉक्टरांचा सही-शिक्का पुरत नाही. प्रत्यारोपण रुग्णाच्याच पेशींचं की दात्याच्या, हेही त्यात लिहून घ्या, म्हणजे शंका काढायला जागा उरत नाही.

पैसे तुमच्या नव्हे, रुग्णालयाच्या खात्यात जातात, तेही रुग्णालय निधीशी संलग्न असेल तरच. 'आधी दागिने मोडून भरू, मग परत मिळवू' हा हिशेब इथे चुकतो. भरलेल्या बिलाची भरपाई मिळत नाही. आधार, रेशनकार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट ही नेहमीची कागदं. तान्ह्या बाळासाठी आईचं आधार चालतं.

या निधीतून सगळा खर्च भागत नाही. मूल थॅलेसेमियाचं (रक्ताचा जन्मजात, जनुकीय आजार) असेल तर केंद्राची थॅलेसेमिया बाल सेवा योजनाही पाहा. तिच्यात कोल इंडियाच्या निधीतून १० लाखांपर्यंत मदत मिळते, पण ठरावीक रुग्णालयांतच, आणि घरातला पूर्ण जुळणारा दाता लागतो. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई-वडील बहुधा अर्धेच जुळतात. म्हणून एचएलए तपासणी (दाता आणि रुग्ण किती जुळतात ते पाहणारी) आधी, धावपळ नंतर. याच मुलाच्या जन्मावेळी खासगी बँकेत ठेवलेल्या नाळेच्या रक्तावर भिस्त ठेवू नका, त्या पेशींतही तोच जनुकीय दोष असतो.

एचएलएचा नमुना देताना नाव आधारवरच्यासारखंच लिहायला सांगा. 'चिंटू' नावाचा रिपोर्ट टेबलावर अडतो.