गोल्फ वसाहत

गोल्फच्या मैदानाभोवती आखलेली निवासी वस्ती. घरे, रस्ते, क्लबहाऊस आणि मैदान यांचा आराखडा बहुधा एकच विकासक एकत्रच करून घेतो. अठरा होलच्या, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळगीपर्यंतच्या अठरा खेळपट्ट्यांच्या, मैदानाला साधारण दीडशे ते दोनशे एकर जमीन लागते. एवढ्या जमिनीवर घर बांधायचे नाही आणि वर ती बारमाही हिरवी राखायची, हा भार विकासक उचलतो तो मैदानाला लागून असलेल्या भूखंडांना चढा भाव मिळतो म्हणून. घर घेणाऱ्यांतले अनेक जण गोल्फ खेळतही नाहीत. खिडकीसमोर दुसरी इमारत उभी राहणार नाही, या भरवशाचे ते पैसे मोजतात. तो भरवसा किती पक्का, हाच या वसाहतींच्या बाबतीत कळीचा प्रश्न आहे.

खेळाच्या मूळ भूमीत, स्कॉटलंडमध्ये, मैदान असे घरांना बांधलेले नव्हते. सेंट अँड्र्यूजची मैदाने समुद्रकाठच्या रेताड गवताळ पट्टीवर आहेत आणि ती जमीन सार्वजनिक मालकीची आहे. तिथल्या जुन्या मैदानावर एरवी रविवारी खेळ बंद असतो. लोक त्यावर फिरायला येतात. मैदान दाखवून घरे विकण्याची पद्धत रुजली ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. ॲरिझोना राज्यातली ‘सन सिटी’ ही निवृत्तांची वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली, तेव्हा मोजकी नमुना घरे उभी होती. गोल्फचे मैदान मात्र तयार होते.

या प्रकाराला घाट दिला तो साउथ कॅरोलिना राज्यातील हिल्टन हेड बेटावरच्या ‘सी पाइन्स’ने. चार्ल्स फ्रेझर यांच्या कुटुंबाने हे जंगल लाकडासाठी विकत घेतले होते. येल विद्यापीठात कायदा शिकून आलेल्या फ्रेझर यांना झाडे तोडण्यापेक्षा ती राखून जमीन विकण्यात जास्त मोल दिसले. १९५६ मध्ये बेट पुलाने मुख्य भूमीशी जोडले गेले आणि त्याच सुमारास वसाहतीचे काम सुरू झाले. फ्रेझर यांचे खरे हत्यार होते खरेदीखत. घराचा आराखडा, बाहेरचा रंग, झाडतोड या सगळ्यांवरच्या अटी त्यांनी खतातच घातल्या. सुमारे ६०० एकर जंगल राखीव ठेवले. मैदानांचे आराखडे करणारे पीट डाय यांनी नामवंत गोल्फपटू जॅक निक्लॉस यांच्या साथीने वसाहतीत आखलेले ‘हार्बर टाउन’ मैदान १९६९ मध्ये खुले झाले आणि त्याच वर्षी तिथली पहिली स्पर्धा गोल्फपटू अर्नोल्ड पामर यांनी जिंकली. पुढे दूरचित्रवाणीवरून हार्बर टाउनचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह घरोघरी पोहोचले. वसाहतीला याहून मोठी जाहिरात मिळाली नसती.

आखणीचे तंत्र बारकाईचे आहे. सगळे होल एकमेकांना लागून ठेवले, तर खेळ उत्तम होतो, पण मैदानाकडे तोंड असलेली घरे कमी मिळतात. एकेक फेअरवे, म्हणजे होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, सुटा करून घरांमधून फिरवला, तर दोन्ही बाजूंना भूखंड निघतात. मात्र मैदान लांबच लांब पसरते आणि भरकटलेले चेंडू अंगणात येतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्याचा चेंडू बहुधा उजवीकडे वळतो. म्हणून कडेने घरे असलेले मैदान घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात. मग घरे खेळाडूच्या डाव्या हाताला राहतात आणि चुकलेला चेंडू आतल्या बाजूला पडतो. मैदानातली तळी दिसायला शोभेची असली तरी सखल किनारी भागात ती कष्टाची कामे करतात. त्यांतून निघालेल्या मातीने घरांची जोती उंचावतात आणि पावसाचे पाणी त्यांतच साठते.

हिल्टन हेडवर पुलाआधी बहुसंख्य रहिवासी होते ते गुल्ला लोक, म्हणजे समुद्रबेटांवरच्या कापूसमळ्यांत राबवल्या गेलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज. त्यांच्या पूर्वजांनी मुक्तीनंतर मिळवलेली जमीन पुष्कळदा मृत्युपत्राविना वारसांत सामाईक राहिली. आपल्याकडे एकाच सातबाऱ्यावर डझनभर नावे असावीत, तशीच ही स्थिती. एका वारसाने हिस्सा मागितला की कोर्टामार्फत सगळी जमीन विक्रीला निघू शकत असे. आजूबाजूचे भाव वाढले तसा मालमत्ता करही चढला. ब्रॅडॉक पॉइंट येथील गुल्ला दफनभूमी आज हार्बर टाउनच्या बंगल्यांनी वेढलेली आहे, आणि त्या वसाहतीच्या फाटकावर बाहेरच्या गाड्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. गोल्फ वसाहतीच्या कोणत्याही वर्णनात ही दफनभूमी यायलाच हवी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

भूखंड संपले की मैदान सांभाळण्यातला विकासकाचा रस आटतो. मग ते सभासदांना विकले जाते, रहिवासी संघाकडे जाते किंवा तिसऱ्याच मालकाच्या हाती पडते. अमेरिकेत २००६ पासून नव्याने उघडणाऱ्या मैदानांपेक्षा बंद पडणारी मैदाने जास्त झाली. बंद मैदानावर घरे बांधू पाहणारा मालक आणि मोकळ्या जागेचे जादा पैसे मोजून बसलेले रहिवासी यांचे खटले अनेक राज्यांत चालले. मैदान मोकळेच ठेवण्याची अट खतात लिहिलेली नसेल, तर जाहिरातीतल्या हिरव्या चित्राचा रहिवाशांना फारसा उपयोग होत नाही.

भारतात ही पद्धत उदारीकरणानंतर आली. गुरुग्राममध्ये अर्नोल्ड पामर यांनी आखलेले मैदान १९९९ मध्ये खुले झाले आणि भोवती उंच इमारती वाढल्या. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीत अठरा होलचे मैदान आहे. सह्याद्रीत पाऊस भरपूर पडत असला तरी पुढचे आठ महिने गवताला पाणी द्यावेच लागते. वसाहतीचेच सांडपाणी शुद्ध करून त्यासाठी वापरणे हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग.

गोव्याच्या उत्तर टोकाला, नदीपलीकडे महाराष्ट्राला खेटून असलेल्या तेरेखोल गावात गोल्फ रिसॉर्टचा प्रकल्प आला, तेव्हा काजूच्या बागा कसणाऱ्या कुळांनी त्याला विरोध केला. कूळ कायद्याने कुळाची झालेली जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही, असे गोव्याचा १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा सांगतो. तेरेखोलच्या वादात ही तरतूद मध्यवर्ती ठरली.