सी-के सिद्धांत आणि सर्जनशीलतेच्या पद्धती

सी-के हा पॅरिसच्या एकोल दे मीन या संस्थेतील आर्मां हॅत्शुएल आणि बन्वा वेल यांनी मांडलेला डिझाइनचा सिद्धांत. सी म्हणजे संकल्पना (कॉन्सेप्ट), के म्हणजे ज्ञान (नॉलेज). जे खरे की खोटे हे ठरलेले आहे ते के-मध्ये जाते. आजच्या ज्ञानावरून ज्याला शक्यही म्हणता येत नाही आणि अशक्यही, ते विधान सी-मध्ये. ज्ञानातून संकल्पना काढणे, संकल्पनेला गुणधर्म जोडत जाणे, ती ज्ञानाच्या कसोटीवर लावणे आणि ज्ञानातून नवे ज्ञान मिळवणे, या चारच हालचालींनी डिझाइन पुढे सरकते.

सर्जनशीलतेच्या पद्धती या चौकटीत ठेवल्या की त्यांचे बळ आणि उणिवा दिसतात. २०१२ मध्ये योराम राइख, हॅत्शुएल आणि सहकाऱ्यांनी ‘असिट’ या पद्धतीचे असे विश्लेषण केले. असिट ही आल्टशुलर यांच्या ‘ट्रिझ’ या तांत्रिक समस्या सोडवण्याच्या पद्धतीवरून रोनी होरोविट्झ यांनी घडवलेली सुटसुटीत पद्धत. तिच्या अटी दोन : समस्येत वा तिच्या परिसरात नसलेल्या प्रकारची वस्तू आणायची नाही (ही ‘बंदिस्त जगा’ची अट), आणि त्रास वाढवणाऱ्या घटकाचा परिणाम नाहीसा वा उलटा व्हायला हवा.

तिचे गाजलेले उदाहरण अँटेनाच्या खांबाचे आहे. खांब माणसांनी वाहून न्यायचा, म्हणून हलका हवा. पण अँटेनावर बर्फ साचला की हलका खांब मोडतो. संकल्पनेला गुणधर्म जोडण्याला सी-के सिद्धांतात विभाजन म्हणतात. खांब जाड करणे किंवा अँटेनाला तापक लावणे हे ‘संकोची’ विभाजन : जोडलेला गुणधर्म आधीच माहीत असलेला. ‘बर्फानेच बळकट होणारा खांब’ हे ‘विस्तारी’ विभाजन, कारण ज्ञानात बर्फाची नोंद केवळ भार अशी होती. आता के-कडे वळावे लागते : बर्फ दाब चांगला सोसतो, ताण कमी, खडबडीत पृष्ठभागाला तो धरून राहतो. म्हणून खांबच खडबडीत करायचा. भार आणि आधार एकाच हवामानात येतात, एकाच हवामानात वितळतात. असिटच्या पाच युक्त्यांपैकी या युक्तीला, म्हणजे असलेल्याच वस्तूला नवे काम देण्याला, एकीकरण म्हणतात. उरलेल्या चार म्हणजे गुणन (असलेल्या वस्तूसारखीच आणखी एक आणणे), विभाजन (इथे वस्तूचे भाग करून ते वेगळे मांडणे), सममितीभंग (सारखेपणा मोडणे) आणि वस्तू काढून टाकणे.

बंदिस्त जगाची अट जुन्या वस्तूंना नवे गुणधर्म द्यायला भाग पाडते. असिटचे खरे बळ हेच. त्याच अटीने बाहेरच्या ज्ञानाची वाटही अडते. नवे द्रव्य किंवा नवे भौतिक तत्त्व लागणारी समस्या असेल, तर नुसत्या पाच युक्त्या घासत बसून काही निघत नाही.

कागदावर काम करताना डावीकडे सी-चा वृक्ष, उजवीकडे के-च्या नोंदी ठेवतात. सर्वाधिक चुका मूळ संकल्पना लिहितानाच होतात. ‘जाड पोलादी खांब’ असे लिहिले की उत्तर आधीच ठरून जाते. ‘हलका खांब’ तर उपलब्धच आहे, म्हणजे ती संकल्पनाच नव्हे. ‘बर्फ साचूनही न मोडणारा हलका खांब’ हे विधान चालते. दुसरी चूक म्हणजे फांदी फुटताच ‘हे होणार नाही’ म्हणून ती छाटणे. तसे म्हणायचे तर के-मध्ये त्याचा पुरावा दाखवावा लागतो. तो नसेल तर फांदी राहू द्यायची आणि कोणते ज्ञान कमी पडते ते उजवीकडे नोंदवायचे.